पाकोळीची लाळ आणि पेंचचा डिंक

पक्षी सप्ताह दरवर्षी नोव्हेंबरात येतो. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ला सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकार २०२० पासून साजरा करतं. मग निबंध, चित्रकला, पहाटेची पक्षी निरीक्षणाची फेरी आणि लाकडी घरट्यांचं वाटप ओघानं येतंच. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरच्या शाळांनाही ते नवं नाही. पण दिवाळीला सिंगापूर-मलेशियाहून आलेल्या मंडळींच्या बॅगेतून आणखी एक घरटं आता विदर्भात पोचायला लागलंय. ते टांगायचं नाही, खायचं असतं.

पक्ष्याचं घरटं खाण्याचा हा चिनी शौक आपल्याला परका वाटतो, पण तसं घरटं बांधणारा पक्षी महाराष्ट्रात आहे. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्या हजारोंनी राहतात. मिट्ट काळोखात टक्-टक् असा आवाज काढत, त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. हुमायून अब्दुलअलींनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात या बेटांवर लिहिलं होतं. जिभेखालच्या ग्रंथींतून येणारी चिकट लाळ थरावर थर लावत पाकोळी कातळाला चिकटलेली अर्धी वाटी तयार करते. आपल्या पाकोळीच्या लाळेत पिसं आणि गवतही बरंच असतं. आग्नेय आशियातल्या आणि अंदमानातल्या पाकोळीचं घरटं जवळजवळ निव्वळ लाळेचं, पांढरं. म्हणून भाव त्याला जास्त. तरी चोरांना आपलंही चाललं. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी वेंगुर्ल्याच्या बेटांवरची घरट्यांची तस्करी उजेडात आणली. घरटं खरवडलं की त्यातली अंडी-पिल्लं गेलीच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना धक्का लावणं हीसुद्धा शिकार धरली आहे. तेव्हा 'कोकणातलं अस्सल' म्हणून कोणी काही दाखवलं तर दोन हात लांब राहा.

अंदमानात दुसरी वाट निघाली. रवी शंकरन या पक्षिशास्त्रज्ञानं दिगलीपूरजवळच्या 'चालीस एक' गुहांत घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार केलं. पिल्लं उडून जाईपर्यंत पहारा, घरटं उतरवायचं ते नंतर. शंकरन २००९ मध्ये ऐन पंचेचाळिशीत गेले.

आता खाण्याचं. आमच्या शेजारच्या काकूंकडे भाचीनं अशी डबी आणली. आत पिवळसर पांढऱ्या, नखानं वाजवल्या तर कडक वाजणाऱ्या चकत्या. थंड पाण्यात चार-पाच तास भिजवल्यावर त्या दुपटीहून जास्त फुगल्या आणि धागे सुटे झाले. काकूंनी ते पांढऱ्या बशीत पसरले, चष्मा चढवला आणि भुवया कोरायच्या चिमट्यानं केसाएवढी पिसं वेचायला बसल्या. हे काम किचकट आहे. साफ केलेला माल महाग असतो तो याचसाठी. वेचून झालं की दोन-तीन पाण्यांतून धुवायचं, झाकणाच्या छोट्या भांड्यात पाणी घालून ठेवायचं आणि ते भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बसवून अर्धा-पाऊण तास शिजवायचं. खडीसाखर शेवटी. थेट आचेवर ठेवलं तर धागे विरघळून नुसतं पाणी उरतं. चव? जवळजवळ नाहीच. अंड्याच्या पांढऱ्याचा किंचित वास, आणि बाकी खडीसाखर. काकूंनी चमचा उलटा-सुलटा करून पाहिला. "अवं, हे तं भिजवलेल्या डिंकावानी लागते!"

काकू बोलल्या ते वाटतं त्याहून खरं आहे. त्याकडे येतोच, पण आधी धोक्याचं.

या घरट्यात साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, आणि काहींच्या अंगावर तीच उलटतात. सिंगापूरच्या एका रुग्णालयातल्या मुलांचा अभ्यास १९९९ मध्ये छापून आला. अन्नामुळे जीवघेणी ॲलर्जी झालेल्या त्या मुलांत सर्वाधिक, सुमारे २७ टक्के, या घरट्यानं आजारी पडलेली होती. कोळंबी-खेकड्यांपेक्षाही जास्त! म्हणून पहिल्यांदा अर्धा चमचा, तोही दिवसाउजेडी, आणि दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या मुलाला अजिबात नाही. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. दुसरं, लाल घरटं. त्यात पक्ष्याचं रक्त असतं ही विक्रेत्यांची आवडती गोष्ट. खरं तर विष्ठेतून निघणाऱ्या नायट्रोजनयुक्त वाफांनी पांढरं घरटं लाल होतं, हे हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. त्याआधी २०११ मध्ये चीननं मलेशियाच्या लाल घरट्यांत भरमसाट नायट्राइट सापडलं म्हणून आयात थांबवली होती. पुढे किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आली. भिजवलेलं पाणी फेकून दिलं की नायट्राइट बरंच निघून जातं. तरी लाल घेऊच नये. आणि कच्चं तर नाहीच नाही. व्हिएतनाममध्ये २०१३ला पाळीव पाकोळ्यांत बर्ड फ्लू निघाला होता.

आता डिंक. महागड्या घरट्याचं वजन वाढवायला त्याच्या धाग्यांवर जे थापतात त्यात लाल समुद्री शेवाळ असतं, पांढरी बुरशी असते आणि कराया डिंक असतो. कराया म्हणजे आपल्या कुल्लूचा डिंक. पेंचच्या जंगलात गेलेल्यांनी हे झाड पाहिलेलं आहे. पांढरंफटक गुळगुळीत खोड, चांदण्यात चमकणारं, म्हणून सफारीवाले त्याला भुताचं झाड म्हणतात. इतरत्र कांडोळ, कढई. सावनेरहून उत्तरेला सातपुड्याकडे निघालात तर उजाड टेकड्यांवर ते सहज भेटतं. जगाला कराया पुरवण्यात भारत मोठा. तो पोट साफ होण्याच्या औषधात जातो, कवळी चिकटवायच्या भुकटीत जातो. पाण्यात विरघळत नाही, नुसता फुगतो. घरट्याशी त्याचं जमतं ते यामुळेच. म्हणजे आपल्या जंगलातला डिंक बाहेर जाणार, तिकडे पाकोळीच्या लाळेवर चढणार आणि सोन्याच्या भावानं भेटवस्तू होऊन परत आपल्याच फ्रिजमध्ये येणार, अशी शक्यता आहे. मला ही गंमत वाटते आणि चीडही येते. कारण डिंकासाठी हावरटपणानं खोल घाव घातलेलं कुल्लूचं झाड मरतं, आणि डिंक गोळा करणाऱ्याच्या हाती यातलं काय पडतं ते वेगळं सांगायला नको.

भेसळ घरी ओळखायची खात्रीची युक्ती नाही, प्रयोगशाळाच लागते. फार तर नाकाचा उपयोग करा. जुन्या करायाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तयार बाटल्यांत तर बहुतेक साखरपाणीच असतं. लेबलवर घटक वाचताना ४१६ हा आकडा दिसला तर तो कराया समजा. खाण्यात तो चालतो, पण मग घरट्याचे पैसे कशाला मोजायचे? उन्हाळ्यात थंडाव्यासाठी आपल्याकडे कतीरा खातात, त्यात पुष्कळदा हाच डिंक असतो. एका पेल्याला चिमूटभर पुरतो. मात्र रात्रभर भरपूर पाण्यात भिजवूनच घ्या. कोरडा गिळला तर घशात फुगून अडकतो.