सायकलच्या सीटची उंची आणि आपले गुडघे

मधुमेह असो, स्थूलता असो वा सांध्यांचा ताठरपणा, चिठ्ठीच्या तळाशी ‘रोज अर्धा तास सायकल’ असे लिहून देण्याची माझी जुनी सवय आहे. औषध लिहिताना मात्रा किती, दिवसातून किती वेळा, जेवणापूर्वी की नंतर, हे सारे आपण काटेकोरपणे नोंदवतो. सायकल लिहिताना मात्र सीट किती उंच असावी, हे मी कधीच लिहिले नव्हते. ही उणीव माझ्या पदरात घातली ती एका निवृत्त शिक्षकांनी.

माझ्याच सल्ल्याने त्यांनी सायकल सुरू केली आणि तीन आठवड्यांत गुडघ्याच्या वाटीमागे दुखते म्हणून परत आले. जिना उतरताना वेदना अधिक. क्ष-किरण चित्रात वयोमानानुसार जेवढे दिसावे तेवढेच बदल होते. मी वेदनाशामक दिले आणि सायकल बंद करावयास सांगितली. महिन्याने ते आले ते सायकलवरूनच! कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने त्यांचे वर येणारे गुडघे पाहून, न विचारताच, सीट चार बोटे उचलून दिली होती. पंधरवड्यात दुखणे ओसरले. मी वरमलो, आणि वाचावयास बसलो.

या विषयावरील पायाभूत अभ्यास १९६७ सालचा, ब्रिटनमधील हॅम्ले आणि थॉमस यांचा. आपल्या परिचयाच्या सायकल अर्गोमीटरवर त्यांनी सीटची उंची बदलून पाहिली. जघनसंधीपासून जमिनीपर्यंतची पायाची आतील लांबी शंभर धरली, तर खालच्या टोकाला असलेल्या पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर १०९ असताना अल्पकाळाचे जोरकस काम सर्वांत चांगले होते, असे त्यांना आढळले. पुढे तूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्यामुळे दुसरे एक सूत्र लोकप्रिय झाले. त्यात आतील लांबीला ०.८८३ ने गुणून येणारे अंतर क्रँकच्या आसापासून मोजतात. पायाची लांबी ८० सें.मी. आणि क्रँक १७ सें.मी. धरून पाहा: पहिल्या सूत्राने क्रँकच्या आसापासून ७०.२ आणि दुसऱ्याने ७०.६ सें.मी. येतात. वेगळ्या वाटांनी निघालेली माणसे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत एकत्र यावीत, याची मला गंमत वाटली.

असे का होते, याचे उत्तर आपण पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात पाठ केलेले आहे. गॉर्डन, हक्स्ली आणि ज्युलियन यांनी १९६६ साली बेडकाच्या स्नायुतंतूंवर दाखवून दिले की सार्कोमियरची लांबी सुमारे २ ते २.२ मायक्रॉन असताना ताण सर्वाधिक निर्माण होतो. त्याहून आखूड किंवा लांब झाल्यास तो घटतो. सीट फार खाली असली की गुडघा व नितंब प्रत्येक फेरीत अतिशय दुमडतात आणि जोर लावण्याच्या क्षणी स्नायू आपल्या सोयीच्या लांबीत नसतात. त्यातच दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर अर्ध्या तासात प्रत्येक गुडघ्यावर हे अठराशे वेळा घडते. माझ्या शिक्षक रुग्णाचे दुखणे हेच होते.

सीट फार उंच झाल्यास तक्रारी जागा बदलतात. खालचे पेडल गाठण्यासाठी चवडा ताणावा लागतो, कंबर डावी-उजवी डोलते, गुडघ्याच्या मागे व मांडीच्या पाठीमागच्या स्नायूंत ओढ बसते, बैठकीच्या भागाला बधिरता येते. म्हणून ‘गुडघा पुढे दुखतो की मागे’ हा एक प्रश्न निदानाला पुष्कळ मदत करतो.

तथापि १०९ हा आकडा वेदवाक्य मानू नये. मांडी व पोटरी यांचे प्रमाण, पावलाची लांबी, घोट्याची सवय प्रत्येकाची वेगळी. होम्स, प्रुइट आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दुखापती टाळण्यासाठी गुडघ्याच्या कोनाचा निकष मांडला: पेडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. पेव्हेलर यांच्या २००८ मधील अभ्यासात २५ अंशांवर प्राणवायूचा खर्च ३५ अंशांपेक्षा कमी आढळला. मला कोनाची पद्धत अधिक पटते. गोनिओमीटर आपल्या हाताशी असतोच. मात्र स्थिर पायावर मोजलेला कोन चालत्या सायकलवर काही अंशांनी वाढतो, हे ध्यानात ठेवावे.

मग बहुतेकांची सीट खालीच का असते? आपल्यापैकी अनेकजण वडिलांच्या मोठ्या सायकलवर ‘कैंची’ मारीत शिकले. सीटपर्यंत पोहोचणे हेच तेव्हा अप्रूप होते. मोठेपणी मात्र सिग्नलवर बसल्या बसल्या दोन्ही पावले जमिनीला टेकली की सुरक्षित वाटते. पण तळाशी असतानाही पेडल जमिनीपासून सुमारे ११ सें.मी. वर असते. वरील उदाहरणात योग्य उंचीची सीट जमिनीपासून ९५ सें.मी.च्या आसपास जाते आणि पाय तर ८० सें.मी.चा! अर्थात दोन्ही पावले सपाट टेकतात ती सीट पेडल मारण्यास हमखास खुजी असते. थांबताना सीटवरून पुढे उतरणे, हे शिकावेच लागते.

येथे मी स्वतःला एक सूट देतो. सत्तरीतल्या, तोल डळमळणाऱ्या, हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीने रहदारीत हे उतरणे शिकावे, असा आग्रह मी धरीत नाही. गुडघादुखीपेक्षा खुब्याचे हाड मोडणे फार महाग पडते. अशांना मी घरातील स्थिर सायकल सुचवतो आणि तिथे मात्र उंचीत तडजोड करीत नाही.

घरच्या घरी करण्याजोगी चाचणी सोपी आहे. कोणीतरी सायकल धरावी, आपण सीटवर सरळ बसावे, टाच तळाच्या पेडलवर ठेवावी. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे, कंबर कलता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. बदल एकदम करू नये; आठवड्याला अर्धा सें.मी. पुरे. व्यायामाच्या स्थिर सायकलच्या दांड्यावर बहुधा भोके असतात. माझ्या रुग्णांच्या कार्डावर आता रक्तदाबाच्या आकड्याखाली त्या भोकाचा क्रमांकही लिहिलेला असतो.