पुढच्या चाकाची कुरकुर

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला तिच्या इंजिनापेक्षा तिच्या पुढच्या सस्पेन्शनापायीच अधिक वेळा गॅरेजची पायरी चढावी लागते, आणि तेथे जो पैसा खर्ची पडतो तो नेमका कशावर पडला याचा उलगडा त्याला क्वचितच होतो. ‘पुढून आवाज येतो’ एवढीच त्याची फिर्याद असते. मिस्त्री गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतो, ‘शॉकअप गेले, साहेब’ असा निकाल देतो, आणि नवी जोडी बसवून गाडी घरी येते न येते तोच पहिल्याच गतिरोधकावर तोच आवाज पुन्हा हजर होतो. कारण मूळ दोष बहुधा मुठीत मावेल एवढ्या एखाद्या रबरी बुशाचा असतो, आणि त्याला कोणी हातही लावलेला नसतो. यात मिस्त्रीची लबाडीच असते असे नव्हे. त्याच्या दारात आणखी चार गाड्या खोळंबलेल्या असतात, आणि सस्पेन्शनाचा तपास हे यंत्रसामग्रीपेक्षा सवडीचे काम आहे. म्हणून ज्याला रविवारची सकाळ मोकळी आहे आणि ज्याच्या दारापुढे चार हात सपाट फरशी आहे, अशा मालकाने हा तपास स्वतःच करावा आणि दुरुस्तीचाही बराचसा भाग आपल्याकडे घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हद्द एकच पाळायची, तिचा निर्देश पुढे येईल.

आपल्याकडील जुन्या मोटारींत पुढच्या सस्पेन्शनाच्या तीन तऱ्हा दिसतात. मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावर बेतलेल्या अँबॅसडरच्या पुढच्या चाकांना वेटोळ्याची स्प्रिंग नव्हतीच. गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या पोलादी दांड्यांना पडणाऱ्या पिळावर तिचा पुढचा भार तोलला जाई. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट ११००, जिला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले आणि जिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तिच्यात वर एक व खाली एक असे दोन आर्म, जोडीला स्प्रिंग आणि चाक वळण्यासाठी किंग पिन अशी भरभक्कम मांडणी होती, आणि ग्रीसगनची हयगय केली की ती त्याचा सूड किंग पिनच्या बुशावर उगवी. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ने हा सारा सरंजाम मोडीत काढला. तिच्यात जी रचना आहे ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची. इंग्लंडात १९५० साली आलेल्या फोर्डच्या कॉन्सल व झेफर या गाड्यांपासून ती रूढ होत गेली. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या आरंभी थांबले असले तरी तालुक्याच्या गावांतून ती अद्याप नांदती आहे, तेव्हा पुढील विवेचन तिलाच धरून करतो.

मॅकफर्सनची कल्पना काटकसरीची आहे. वरचा आर्म त्याने बरखास्त केला आणि त्याची जबाबदारी शॉकअपच्या नळीवरच टाकली. नळीचे खालचे टोक दोन बोल्टांनी चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागाला, जखडलेले, वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्याला रबरी माउंटिंगने टांगलेले, आणि नळीभोवती स्प्रिंग; या साऱ्या जोडणीला स्ट्रट म्हणतात. चाकाचा तळ धरून ठेवतो तो लोअर आर्म. त्याच्या आतल्या टोकाला रबरी बुश आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट. याशिवाय एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेला एक वाकडा दांडा असतो, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. वळणावर गाडीला कलू न देणे हे त्याचे जाहीर काम. परंतु या गाडीत लोअर आर्मला पुढेमागे सरकू न देण्याचे दुसरे कामही त्याच्याकडेच सोपवलेले आहे, आणि या दुसऱ्या कामाचा विसर भल्याभल्यांना पडतो. दांड्याच्या टोकाचे रबर झिजले की ब्रेक दाबताक्षणी आर्म किंचित मागे जातो, पायाखाली ‘टक्’ असा ठोका बसतो आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. या ठोक्याचा शॉकअपशी काडीचाही संबंध नाही. तरी तो जितक्या शॉकअपांचा बळी घेतो तितका खड्डेही घेत नसतील.

तपासाला आरंभ करावा तो गाडी चाकांवर उभी असतानाच. पुढचा एक कोपरा दोन्ही तळहातांनी जोर लावून दाबावा आणि एकदम सोडावा. गाडी वर येऊन फार तर एखादा हेलकावा घेऊन स्थिरावली तर शॉकअपात जीव आहे. झुलतच राहिली, किंवा नळीवरून तेलाचा स्पष्ट ओघळ उतरलेला दिसला, तर तो कामातून गेला. नुसत्या धुळकट ओलाव्याला ओघळ समजू नये. नंतर कोणाला तरी आत बसवून स्टिअरिंग जागच्या जागी फिरवायला सांगावे व स्वतः स्प्रिंगवर बोटे अलगद टेकवून उभे राहावे: स्प्रिंग सुरळीत न फिरता अडकून अडकून झटके देत असेल तर वरच्या माउंटिंगमधले बेअरिंग निकामी झाले आहे. मग चाक जमिनीपासून उचलून एक हात माथ्याला व एक तळाला लावून ते हलवावे. खिळखिळ जाणवली तर ती बॉल जॉइंटची की चाकाच्या बेअरिंगची, हा प्रश्न उरतो, आणि त्याचा उलगडा ब्रेकच्या पायाने होतो. आतल्या माणसाने ब्रेक दाबून धरताच खिळखिळ नाहीशी झाली तर बेअरिंग दोषी, कायम राहिली तर बॉल जॉइंटवर संशय पक्का. हात डावी-उजवीकडे ठेवून हलवल्यावर जो प्ले जाणवतो तो बहुधा टाय रॉड एंडचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याचा, असतो. अखेरीस लहानशी पहार आर्मच्या आतल्या टोकाशी घालून आर्म हळूच रेटून पाहावा: शाबूत बुश थोडा ताणला जातो आणि पूर्वस्थितीला येतो, फाटलेला बुश मात्र लोखंडाला मोकळीक देतो आणि त्याची भेग उघडी पडते. स्टिअरिंग पुरते वळवून गाडी चालवताना जी लयबद्ध कटकट ऐकू येते ती अॅक्सलच्या जॉइंटची. तिचे खापर सस्पेन्शनावर फोडू नये.

दोष लोअर आर्मचा ठरला, तर दुरुस्ती घरी खुशाल करावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करावे, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावे, आणि जॅकवर गाडी उचलल्यावर तिचा भार घोडीवर उतरवल्याखेरीज अंगाचा कोणताही भाग तिच्याखाली नेऊ नये. घोडीऐवजी विटा रचण्याची जी चाल आपल्याकडे आहे ती जीवघेणी आहे; वीट तडकताना पूर्वसूचना देत नाही. काम एकाच बाजूचे असले तरी पुढची दोन्ही चाके उचलावी, कारण एक चाक लोंबकळत आणि दुसरे भाराखाली राहिले तर स्टॅबिलायझरला पीळ पडून राहतो आणि त्याचे टोक आर्ममधून सरळपणे बाहेर येत नाही.

या टोकाचा नट स्प्लिट पिनने राखलेला असतो. पिन काढून नट सोडवावा आणि दांड्याचे बॉडीवरील क्लॅम्प थोडे ढिले करावे. बॉल जॉइंटची खुंटी नकलच्या चिरलेल्या भोकात शिरलेली असते आणि आडवा बोल्ट तिला आवळून धरतो. येथे नवखा माणूस हमखास अडतो. बोल्ट ढिला झाला, आता आर्म खाली का येत नाही, म्हणून तो हातोडा उचलतो. वास्तविक तो बोल्ट खुंटीला पाडलेल्या खोबणीतून गेलेला असतो व तो समूळ बाहेर काढल्याखेरीज खुंटी हलणे शक्यच नसते. बोल्ट निघाल्यावर चिरेत छिन्नीची धार हलक्या हाताने बसवून ती केसभर उघडावी आणि आर्म पहारीने खाली दाबावा. कोकणपट्टीतल्या गाड्यांत खाऱ्या हवेने हे बोल्ट इतके गंजलेले असतात की आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवणे हाच शहाणपणा. पाना घसरून नटाच्या कडा गेल्या की पुढची सारी सकाळ त्या एका नटाची होते. आतला बोल्ट काढला की आर्म हातात येतो.

या गाडीत बॉल जॉइंट आर्मलाच जडवलेला असल्याने तो बिघडला तर आर्मसकट बदलावा. पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारात तो मिळतो, मात्र रबर नखाने दाबून पाहून घ्यावे. नुसता बुश बदलायचा असेल तर तो शेगड्यात किंवा प्रेसवर दाबून बसवावा, ठोकून नव्हे.

आता त्या हद्दीविषयी. सुमारे साडेसहाशे किलोच्या या गाडीच्या प्रत्येक पुढच्या चाकावर अंदाजे दोनशे किलो भार असतो, तो स्प्रिंग झेलते, आणि चाक लोंबकळत असतानाही तिच्यात दाब शिल्लक असतोच. बॉनेटखाली माउंटिंगच्या मध्यभागी दिसणारा नट ही तिची एकमेव बेडी आहे. शॉकअप बदलणे आवश्यक ठरले, तर तो नट मुळीच न छेडता स्प्रिंगसकट अख्खा स्ट्रट उतरवावा आणि ज्याच्याकडे स्प्रिंग दाबण्याचे पक्के साधन आहे अशा माणसाच्या सुपूर्द करावा. तारेने स्प्रिंग बांधून हे काम करणारे वीर अनेक ठिकाणी आढळतात. त्यांच्याकडून इतर काहीही शिकावे.

नवा आर्म चढवताना सर्व बोल्ट प्रथम हाताने लावून घ्यावे, स्प्लिट पिन नवीन घालावी. मात्र आतल्या बुशाचा बोल्ट गाडी घोडीवर असताना अखेरपर्यंत आवळू नये. या बुशातले रबर फिरत नाही, पीळ खाते. आर्म खाली लोंबत असताना ते जखडले, तर गाडी चाकांवर उतरताच त्याला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश अल्पावधीत फाटतो. चाके जमिनीवर टेकवून, गाडी दोनचार वेळा दाबून सोडून, मगच हा बोल्ट पुरता आवळावा. गॅरेजात हा नियम सर्रास मोडला जातो, कारण खाली उतरवलेल्या गाडीखाली पुन्हा आडवे होऊन शिरण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो.

यानंतर व्हील अलाइनमेंटसाठी गाडी दुकानी न्यावी; तो मामला घरी दोरी ताणून उरकण्याजोगा नाही. तेथे जाण्यापूर्वी टायरमधील हवा सारखी करून घ्यावी, आणि काही दिवस गाडी चालल्यावर सर्व नट एकदा पान्याने पडताळून पाहावे.