पुनर्देह आणि करुण रस : विज्ञानकाल्पनिक खेळांतील अमरत्वाचा विचार

बंगळूरच्या उत्तर भागात, हेब्बाळ येथे, २०१८ साली एक वीरगळ उजेडात आला. गंग राजा श्रीपुरुष याच्या कारकिर्दीतील, इसवी सन ७५० च्या सुमाराचा हा कन्नड लेख कित्तय्य नावाच्या योद्ध्याचा आहे. आपल्या प्रदेशावर चालून आलेल्या शत्रूशी झुंजताना त्याला मरण आले, ही वार्ता त्या दगडाने साडेबारा शतके जतन केली. महाराष्ट्रातील गावोगावच्या वीरगळांवरही हीच कथा चौकटीचौकटींतून कोरलेली दिसते : खाली युद्ध, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. या शिल्पामागील अमरत्वाची कल्पना अगदी सरळ आहे. देह गेला तो परत यावयाचा नाही. म्हणून नाव दगडाच्या स्वाधीन करावयाचे. समर्थ रामदासांनी सांगितलेला कीर्तिरूपाने उरण्याचा आदर्श याच जातीचा होय.

ही कल्पना नेमकी उलटी करणारे एक कथाविश्व गेल्या पाव शतकात संगणकीय खेळांच्या आश्रयाने वाढले आहे. त्यात वीर मरतो आणि काही क्षणांत नव्या देहात डोळे उघडतो. त्याला दगडाची गरजच उरत नाही. अशा खेळांना नुसती करमणूक समजून साहित्यविचाराच्या कक्षेबाहेर ठेवण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असली, तरी ती फारशी फलदायी नाही. त्यांच्याभोवती कथा, इतिवृत्ते आणि वंशावळी यांचा जो पसारा उभा राहतो, तो एका परीने नव्या काळाचे पुराणच असतो. आणि मरणाविषयी काही म्हणणे नाही असे पुराण सहसा आढळत नाही.

उदाहरण म्हणून ‘ईव्ह ऑनलाइन’ हा आइसलँडमध्ये निर्माण होऊन २००३ साली प्रसिद्ध झालेला खेळ घेता येईल. त्यातील नौकानायक द्रवाने भरलेल्या एका कुपीत राहून अवकाशनौका चालवितो. कुपी फुटण्याच्या क्षणी एक यंत्र त्याच्या मेंदूची संपूर्ण नोंद घेते, ती नोंद दूरच्या स्थानकावर सिद्ध ठेवलेल्या क्लोन-देहात उतरविली जाते आणि नायक पुन्हा जागा होतो. नोंद घेण्याच्या क्रियेतच मूळ मेंदू नष्ट होतो, हा तपशील या कथाविश्वाच्या कर्त्यांनी जाणीवपूर्वक ठेवलेला दिसतो. प्रत्यक्ष विज्ञान याहून पुष्कळ विनम्र आहे. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेली डॉली मेंढी काय किंवा २००९ साली कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत जन्मलेले म्हशीचे क्लोन-रेडकू काय, दोन्ही नवजात पिलेच होती. मूळ प्राण्याचा वारसा त्यांच्या पेशीत होता, स्मृतीत नव्हता. स्मृतीही देहाबरोबर नेता येते, ही कल्पनेची भर आहे. आणि साहित्याचा प्रश्न या भरीपासूनच सुरू होतो.

तो प्रश्न रसाचा आहे. ज्याचे मरण कायमचे नाही, त्याच्याविषयी शोक संभवतो काय? भरताने नाट्यशास्त्रात करुण आणि विप्रलंभ शृंगार यांच्यात जो भेद केला आहे तो येथे फार उपयोगी पडतो. करुण हा निरपेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशा तुटलेला. विप्रलंभ हा सापेक्ष, म्हणजे आशा शिल्लक असलेला. या न्यायाने पुनर्देहाच्या कथाविश्वातून करुणाची हकालपट्टीच व्हावयास हवी, कारण तेथे आशा कधी तुटतच नाही.

परंतु मेलेला परत येण्याची कथा भारतीय साहित्याला नवीन नाही. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त पुंडरीकाचा मृतदेह चंद्रलोकी नेला जातो, चंद्रापीडाचा निष्प्राण देह न कुजता राहतो आणि कादंबरी त्याची राखण करीत बसते. मराठीने ज्या ग्रंथावरून एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला नाव दिले, त्याच्या केंद्रस्थानी अशी देहांची प्रतीक्षा आहे, ही गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त करुण-विप्रलंभ असा स्वतंत्र प्रकार सांगितला तो महाश्वेता आणि पुंडरीक यांच्याच कथेच्या आधाराने. आकाशवाणी होईपर्यंत तेथे करुण आहे, पुनर्भेटीचे आश्वासन मिळताच तो शृंगार होतो, असे जाणत्यांचे मतही त्याने नोंदविले आहे. खेळांच्या कथाविश्वातील फरक या कसोटीवर स्पष्ट होतो : तेथे आकाशवाणी मरणापूर्वीच झालेली असते. महाश्वेतेला आश्वासन मिळण्यापूर्वी जो क्षण भोगावा लागला, तो क्षणच या नव्या वीराच्या वाट्याला येत नाही. त्याचे मरण म्हणूनच हलके होते.

या आश्वासनाची दुसरी बाजू स्वीडनमध्ये निर्माण झालेल्या ‘सोमा’ या २०१५ सालच्या खेळाने उघड केली आहे. त्यातील सायमन जॅरेट हा टोरांटोतील सामान्य मनुष्य मेंदूची एक तपासणी करून घेतो आणि शंभराच्या जवळपास वर्षांनंतर समुद्रतळाशी, यंत्रमय देहात जागा होतो. पुढे त्याला आणखी एका देहात जावे लागते, तेव्हा एक भयंकर गोष्ट त्याच्या ध्यानी येते. तो ‘गेलेला’ नाही. त्याची प्रत निघाली आहे आणि जुना सायमन जुन्या देहात तसाच बसून आहे. बाणाच्या सृष्टीत आत्मा एक आणि देह अनेक, त्यामुळे परत आलेला पुंडरीक हा पुंडरीकच असतो. ‘सोमा’मध्ये परत येणारा नवा असतो आणि मागे राहणाऱ्याला कोणी विचारीत नाही. मत्स्येंद्रनाथांच्या परकायाप्रवेशापासून गिरीश कर्नाड यांच्या ‘हयवदन’मधील मस्तकांच्या अदलाबदलीपर्यंत ‘मनुष्य कोणता?’ हा प्रश्न वारंवार आला; पण दोन्ही जण एकाच वेळी ‘मीच’ म्हणतात आणि दोघेही खरे असतात, हा पेच या खेळाने विशेष तीव्रतेने मांडला. करुण येथे परत येतो, तो मागे राहिलेल्याच्या रूपाने.

मागे राहिलेले ‘ईव्ह’मध्येही आहेत. त्या कथाविश्वाप्रमाणे अमर नायकाच्या मोठ्या नौकेवर शेकडो-हजारो सामान्य खलाशी असतात, आणि त्यांच्यासाठी कोठेही क्लोन राखून ठेवलेला नसतो. नौका फुटते, नायक दुसरीकडे जागा होतो, खलाशी मरतात. खेळणाऱ्याच्या पडद्यावर त्यांचे नावही उमटत नाही. अमरत्व हा या ठिकाणी एका वर्गाचा विशेषाधिकार ठरतो आणि त्याची किंमत अनामिक मर्त्य भरतात. कित्तय्यही कोणी सम्राट नव्हता. तरीही लेखात श्रीपुरुषाच्या नावाबरोबर त्याचे नाव आले. आठव्या शतकातील एका गावाने आपल्या मृतासाठी जे केले, ते या दूरच्या भविष्यकाळातील संस्कृतीला सुचत नाही.

याच परंपरेतील ‘नीअर : ऑटोमाटा’ (२०१७) या जपानी खेळाने अमरत्वाला नैतिक उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातील यंत्रमानवांच्या स्मृती साठविल्या जातात आणि देह बदलले जातात. तथापि आरंभीच्याच एका प्रसंगात नाइन-एस हा सोबती आपल्या सखीची स्मृती वाचवितो आणि त्या प्रसंगाची स्वतःची स्मृती गमावतो. दोघे पुन्हा भेटतात, पण एकालाच काय घडले ते आठवते. शेवटी खेळणाऱ्यासमोरच एक प्रश्न ठेवला जातो : कोणा अनोळखी खेळाडूला साहाय्य व्हावे म्हणून तो आपली सगळी साठविलेली प्रगती पुसून टाकावयास तयार आहे काय? होकार दिल्यास ती खरोखरच पुसली जाते. नाटकाचा प्रेक्षक शोकाचा आस्वाद घेतो, गमावत काही नाही. येथे रसिकाचेच काही कायमचे जाते, आणि जे परत मिळणार नाही ते देण्यातून माणुसकी सिद्ध होते.

मराठी वाचकाला हा निष्कर्ष परका वाटू नये. चौदाशे वर्षे काळाला चुकवीत आलेल्या चांगदेवाने ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठविले आणि इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला असे मुक्ताबाईने म्हटले, ही कथा परंपरेने सांभाळली ती याच मर्मासाठी. आयुष्याची लांबी म्हणजे आयुष्याचा आशय नव्हे, हे तिने ओळखले होते. मराठी विज्ञानकथेने जयंत नारळीकरांपासून विज्ञान आणि मानवी मूल्ये यांचा संबंध गंभीरपणे तपासला आहे. समीक्षेने तीच दृष्टी या नव्या कथाविश्वांकडेही वळवावयास हवी. त्यांचे मूल्यमापन करताना वीर किती वेळा परत येतो हे मोजण्यापेक्षा, जे परत येऊ शकत नाहीत त्यांचे त्या कथेत काय होते, त्यांचे नाव कोणी घेते की नाही, हे विचारणे अधिक अर्थपूर्ण ठरेल. ज्या कथाविश्वाला खलाशांची नावे आठवतात तेथेच करुण रसाला जागा मिळेल.