सभा चालवितो कोण?

डायमंड हार्बर रस्त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून पावसाचे पाणी तुंबले, की महाराष्ट्रातून येऊन कलकत्त्याच्या बेहाला भागात स्थायिक झालेला गृहस्थ स्वाभाविकपणे विचारतो, की महापौर महानगरपालिकेची सभा चालवितात तर या पाण्याचा विषय तेथे घेत का नाहीत. आणि या प्रश्नाच्या पोटी जो समज आहे, तो मुंबई-पुण्यापुरता खरा असला, तरी कलकत्त्यास लागू पडत नाही. 1980 च्या महानगरपालिका कायद्यान्वये येथे सभेचे अध्यक्षस्थान नगरसेवकांनी आपल्यातूनच निवडलेल्या चेअरमनकडे असते. महापौर हा महापौर-परिषदेचा प्रमुख या नात्याने कारभार पाहतो आणि त्या कारभाराबद्दल सभेस उत्तर देतो. आपल्याकडे महाराष्ट्रात महापौर सभा चालवितो, परंतु अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताच्या हाती असतो. मुंबईने 1998 साली महापौर-परिषदेचा प्रयोग केला, पण तो अल्पायुषी ठरला.

हा समज केवळ मराठी माणसाचाच आहे असेही नव्हे, कारण त्याचे मूळ खुद्द कलकत्त्याच्या इतिहासात आहे. 1923 च्या कायद्यानुसार 1924 साली देशबंधू चित्तरंजन दास येथील पहिले महापौर झाले, तेव्हा सभेचे अध्यक्षस्थान महापौराकडेच होते आणि दप्तराचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी या नात्याने तरुण सुभाषचंद्र बोस पाहत. मला मात्र आजची विभागणी अधिक न्याय्य वाटते. ज्याने जाब द्यावयाचा, त्याच्याच हाती कोणी बोलावे व कोणी थांबावे हे ठरविण्याची सत्ता असू नये.

दुसरा समज बेहालातील वडीलधाऱ्या मंडळींचा. 1984 साली येथील साउथ सबर्बन नगरपालिका महानगरपालिकेत विलीन झाली, तेव्हापासून आपल्या भागाला स्वतःची बैठक उरली नाही, असे ते खेदाने सांगतात. वस्तुतः महानगरपालिकेचे सोळा बरो, म्हणजे वॉर्डांचे गट, असून प्रत्येकाची समिती आहे, तीत त्या त्या वॉर्डांचे नगरसेवक बसतात व आपला अध्यक्ष निवडतात. बेहालाचे वॉर्ड मुख्यतः तेराव्या, चौदाव्या आणि सोळाव्या बरोत येतात. रस्त्यावर साचलेले पावसाचे पाणी काढणे, घनकचरा उचलणे, जलवाहिन्यांची व मलप्रवाहाची जोडणी ही कामे कायद्याने याच समितीकडे सोपविली आहेत. तिच्यावर महापौर-परिषदेचे सर्वसाधारण नियंत्रण असते हे खरे. तथापि तुंबलेल्या पाण्याची तक्रार थेट महापौरापाशी नेणाऱ्याने अगोदर हा उंबरठा ओलांडावयास हवा.

सभेच्या रीतींविषयीचे गैरसमज मात्र सर्व मुलखांत सारखेच आढळतात. गणपूर्ती सभेच्या आरंभी एकदा मोजली की काम संपले, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या 1949 च्या कायद्यात तसे नाही: एकूण नगरसेवकांच्या एक तृतीयांशाहून कमी जण उपस्थित आहेत, ही गोष्ट सभा चालू असताना कोणत्याही क्षणी अध्यक्षांच्या नजरेस आणून दिली, तर सभा तहकूब करणे त्यांना भाग असते. रात्री उशिरा, सभागृह अर्धेअधिक रिकामे झाले असता एखादा ठराव संमत करून घेण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांना आळा घालण्याचे सामर्थ्य या एका तरतुदीत आहे, आणि तिचा उपयोग एकटा नगरसेवकही करू शकतो. त्याच कायद्यानुसार सभा सामान्यतः लोकांस खुली असते, ही गोष्टही नागरिकांस क्वचितच ठाऊक असते.

इतिवृत्त कायम करण्याविषयीचा घोटाळा याहून जुना. मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय येताच, न आवडलेला ठराव रद्द करण्याची हीच संधी, अशी समजूत करून सभासद पुनश्च तीच चर्चा आरंभितात. परंतु त्या वेळी विचारावयाचा प्रश्न इतकाच, की जे घडले ते यथातथ्य लिहिले गेले आहे काय. ठराव योग्य होता की अयोग्य, हा प्रश्न तेव्हा सभेपुढे नसतो. तो ठराव फिरवावयाचा असेल, तर रीतसर सूचना देऊन नवा ठराव विषयपत्रिकेवर आणावा लागतो.