फौज मोठी, पण शस्त्राविना

आमच्या थोरल्या मेहुण्यांची कापडाची पेढी आहे. वयाच्या 68व्या वर्षी सहज केलेल्या रक्ततपासणीत त्यांच्या पांढऱ्या पेशी 38,000 निघाल्या. निरोगी माणसात त्या साधारणतः 4,000 ते 11,000 असतात. निदान झाले दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियाचे, म्हणजे संथपणे वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे. डॉक्टरांनी तूर्त औषध न देता केवळ नियमित तपासणीस यावयास सांगितले. मेहुणे म्हणाले, "पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैन्य ना? मग माझ्याकडे तर फौज दांडगी आहे!" पुढच्याच पावसाळ्यात न्यूमोनियाने त्यांना अतिदक्षता विभागात नेले.

खतावणीत येणे रकमेचा आकडा फुगलेला असावा आणि वसुली शून्य असावी, असाच हा प्रकार. बँकेत असताना अशी खाती मी पुष्कळ पाहिली! या रोगात एकाच बिघडलेल्या बी-लिम्फोसाइटच्या असंख्य प्रतिकृती होतात. त्या वेळेवर मरत नाहीत, साचत राहतात. मात्र उपयुक्त प्रतिपिंडे त्या तयार करीत नाहीत. निरोगी बी-पेशीही दबतात आणि रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन घटते. टी-पेशींची गत आणखी विचित्र. त्यांची संख्या कित्येकदा वाढलेली असते, पण त्या थकलेल्या असतात. शत्रुपेशीला घट्ट भिडल्याखेरीज टी-पेशीला तिचा नाश करता येत नाही, आणि ही भिडण्याची क्रियाच येथे दुबळी पडते. म्हणूनच या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत जंतुसंसर्गाची गणना होते.

जोधपूरला जन्मलेले आणि अमेरिकेत कार्य केलेले डॉ. कांती राय यांनी 1975 मध्ये या रोगाचे शून्य ते चार असे टप्पे मांडले. त्यांत लिम्फोसाइटच्या आकड्यापेक्षा गाठी, प्लीहा, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट यांना अधिक महत्त्व आहे. केवळ पेशी वाढलेल्या असतील तर तो शून्य टप्पा. तेथे लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढत नाही, म्हणून डॉक्टर थांबतात. हे थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे, एवढे मात्र घरच्यांनी ओळखावे. संसर्गाचा धोका त्या काळातही असतोच. फ्लू व न्यूमोनियाची लस या रुग्णांत कमी प्रभावी ठरते, तरीही ती घ्यावी, आणि शक्यतो लवकर. जिवंत विषाणूंच्या लशी मात्र वर्ज्य. तापात चार दिवस काढ्यावर काढणे ही आमच्या घरची चूक होती, ती मी लपवीत नाही.

मेहुणे आता पुन्हा गादीवर बसतात. गल्ल्यात किल्ल्यांशेजारी थर्मामीटर असतो. तो 100.4 दाखवू लागला की दुकान पुतण्याच्या स्वाधीन करून ते थेट रुग्णालय गाठतात.