हिशेबाला न जुमानणारी ‘कॅप्टन’

१० ऑगस्ट १६२८ रोजी स्वीडनची नवी युद्धनौका ‘वासा’ स्टॉकहोममधून निघाली आणि जेमतेम सव्वा किलोमीटरवर बुडाली. त्याआधी तिची चाचणी झाली होती. तीस माणसे डेकवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावली. तिसऱ्या फेरीला नौका इतकी डोलू लागली की चाचणी थांबवावी लागली. तरीही ती समुद्रात गेलीच. पिढीजात अनुभव आणि सरावलेली नजर, एवढ्यावरच तेव्हा जहाजे बांधली जात. कललेले जहाज कितपत सावरेल, हे मोजण्याची रीत १७४६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर यांच्या ग्रंथाने दिली.

गणित आले, पण त्याचे ऐकायला कोण तयार होते? १८६०च्या दशकात ब्रिटिश नौदलातल्या कूपर कोल्स यांनी फिरत्या तोफबुरुजांचे, पण कमी उंचीच्या बाजूंचे आणि पूर्ण शिडांचे जहाज मागितले. नौदलाचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांनी धोका सांगितला. वृत्तपत्रे आणि संसद मात्र कोल्स यांच्या पाठीशी होती. ‘कॅप्टन’ बांधली गेली. बांधताना वजन वाढले आणि पाण्यावर आठ फूट राहायची कड साडेसहा फुटांवर आली. जुलै १८७० अखेर तिला मुद्दाम कलवून मोजमापे घेतली. हिशेब पुरा झाला तेव्हा ती समुद्रावर होती.

७ सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळात ती उलटली. सुमारे ४८० माणसे गेली, खुद्द कोल्सही. त्याच ताफ्यात रीड यांची ‘मोनार्क’ होती. तिलाही बुरुज होते, शिडे होती, ती तरली. कारण आकड्यांत आहे. ‘कॅप्टन’चा सावरण्याचा जोर २१ अंशांच्या कलापर्यंत वाढून पुढे घटत होता, ‘मोनार्क’चा ४० अंशांपर्यंत वाढत होता.

लष्करी न्यायालयाने स्पष्ट नोंदवले, की नौदलाच्या तज्ज्ञांचे मत डावलून लोकमताखातर हे जहाज बांधले गेले. जहाज बांधण्याआधीच मोजून पाहण्याची वाट मात्र रुंदावत होती: दोनच वर्षांत अभियंते विल्यम फ्रूड यांचा इंग्लंडमधल्या टॉर्कीचा चाचणी-हौद सुरू झाला. तिथे मेणाच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून मोठ्या जहाजाला होणारा विरोध आधीच काढता येई. आजही नव्या जहाजांच्या प्रतिकृती अशाच हौदांत तपासल्या जातात.

जहाजांच्या इतिहासात सेनापतींची नावे ठळक असतात. माझ्या मते त्यांच्या पंक्तीत रीड यांना जागा हवी. त्यांची ‘मोनार्क’ बुडाली नाही; ती १९०६ मध्ये भंगारात विकली गेली.