वूफर बदलला, पण आवाज का बदलला?

नागपुरात आकाशवाणीचे केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या काळच्या रेडिओत बहुधा एकच ध्वनिक्षेपक असे आणि तो पुरतही असे. कारण मध्यम लहरींवरून येणाऱ्या कार्यक्रमात सेकंदाला सुमारे ५,००० कंपनांच्या वरचे ध्वनी जवळजवळ नसतातच. पुढे स्टीरिओ रेकॉर्ड प्लेअर आणि कॅसेट डेक आले. त्यांतून याहून बरेच उंच ध्वनी मिळू लागले. मग लाकडी पेटीत दोन ध्वनिक्षेपक दिसू लागले: खर्जासाठी मोठा 'वूफर' आणि उंच स्वरांसाठी छोटा 'ट्विटर'.

अशा जुन्या पेट्या आजही काही घरांत जपून ठेवलेल्या आढळतात. पुष्कळ वूफरच्या शंकूभोवती फोमचे कडे असते. हवेतील ओलावा, उष्णता आणि प्रकाश यांनी फोम हळूहळू कुजतो. नागपूरचा उन्हाळा तर ४५ अंशांच्या पुढे जातो! कडे भुगा होऊन गळून पडते. मग बाजारातून तेवढ्याच व्यासाचा नवा वूफर आणून बसवतात. पेटी वाजू लागते. पण डग्गा घुमतो आणि गाण्याचे शब्द मात्र त्याखाली दबतात. नवा वूफर सदोष आहे काय? बहुधा नाही. दोष जुळणीचा आहे.

पेटीच्या आत एक छोटे मंडल असते. त्याला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. वूफरचा जड शंकू अतिजलद कंपने नीट करू शकत नाही आणि ट्विटरचे नाजूक वेटोळे खर्जाच्या प्रवाहाने जळू शकते. म्हणून ज्याचे काम त्याला वाटून द्यावे लागते. वूफरच्या वाटेवर तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, ठेवतात. कंपने जितकी जलद तितका कॉइलचा विरोध जास्त. ट्विटरच्या वाटेवर कंडेन्सर ठेवतात. त्याचे वागणे नेमके उलटे: कंपने जितकी संथ तितका विरोध जास्त.

आता थोडे गणित करू. प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाला 'संरोध' म्हणतात. ध्वनिक्षेपकाचा संरोध ८ ओहम आहे आणि वाटणी २,००० हर्ट्झवर करायची आहे. या कंप्रतेला कॉइलचा विरोधही ८ ओहम असला पाहिजे. कॉइलचा विरोध = २ × π × कंप्रता × प्रवर्तकता. यावरून प्रवर्तकता सुमारे ०.६४ मिलिहेन्री येते. ट्विटरही ८ ओहमचा असेल, तर कंडेन्सर सुमारे १० मायक्रोफॅरडचा लागतो.

आता याच पेटीत ४ ओहमचा वूफर बसवला असे समजा. कॉइल तीच आहे. पण तिचा विरोध ४ ओहम होतो तो १,००० हर्ट्झवर! म्हणजे क्रॉसओव्हरला हात न लावताही वाटणीची जागा सरकली. खर्जात कॉइलचा विरोध नगण्य असतो. म्हणून तेथे ४ ओहमचा वूफर दुप्पट शक्ती ओढतो. २,००० हर्ट्झच्या आसपास मात्र कॉइलचाच विरोध मोठा असल्याने प्रवाह फारसा वाढत नाही. परिणामी खर्ज फुगतो. शब्द स्पष्ट करणारी व्यंजने बरीचशी १,००० ते ४,००० हर्ट्झमध्ये असतात. ती मागे पडतात. शिवाय दुप्पट प्रवाह पुरवताना ॲम्प्लिफायर तापतो आणि प्रसंगी जळतोही. १६ ओहमचा वूफर लावला तर उलटे होते: वाटणी ४,००० हर्ट्झकडे सरकते आणि खर्ज दुबळा पडतो.

कॉइल अर्ध्या किमतीची, म्हणजे ०.३२ मिलिहेन्रीची, लावली तर वाटणी पुन्हा २,००० हर्ट्झवर येते. पण ॲम्प्लिफायरवरचा भार तसाच राहतो. म्हणून संरोध मूळ वूफरइतकाच असावा. तो मल्टिमीटरने थेट मिळत नाही. ८ ओहमच्या वूफरवर मल्टिमीटर साधारण ६ ओहम रोध दाखवतो. वूफरवरचा छापील आकडा पाहावा.

दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची. समान शक्ती दिली असता नवा वूफर ३ डेसिबल मोठा वाजत असेल, तर ते शक्ती दुप्पट केल्यासारखेच आहे; ट्विटर त्याच्यापुढे फिका पडतो. तिसरी गोष्ट पेटीची. ऑस्ट्रेलियातील थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे स्मॉल यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की वूफर आणि पेटीतील हवा यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो. आपले गणितही सुरुवातीपुरतेच आहे. खऱ्या वूफरचा संरोध कंप्रतेनुसार बदलत असतो.

म्हणून नवा वूफर आणण्यापूर्वी जुना नीट तपासा. शंकू, वेटोळे आणि चुंबक शाबूत असून फक्त कडे गळले असेल, तर नवे कडे चिकटवून घेणे सर्वांत उत्तम. जुळणी आपोआप टिकते. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र वर्षानुवर्षांत सुकतात. ते मोजून, गरज असल्यास त्याच मूल्याचे नवे लावावेत.

शाळेत करून पाहण्याजोगा एक प्रयोग: सुटा केलेला वूफर घ्या आणि त्याच्या दोन टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. शंकू पुढे सरकला, तर सेलचे धन टोक जेथे लागले ते वूफरचे धन टोक होय. तेथे खूण करा. दोन पेट्यांतील वूफर उलटसुलट जोडले गेले, तर एक हवा पुढे ढकलत असताना दुसरा ती मागे ओढतो आणि खर्ज बराचसा नाहीसा होतो. मुद्दाम एका पेटीच्या तारा उलट करून, पेट्या शेजारी ठेवून ऐका. तारा बदलताना ॲम्प्लिफायर बंद ठेवायला विसरू नका.